कडूबाची रीत

आमच्या वस्तीवर कडूबा नावाचा एक माणूस होता, आणि काम सोडून त्याले सगळं येत होतं. तो माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये, त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढावा, त्याच्याशी एक शब्द बोलू नये, हे मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं. शिकवणारा तोच. ओसरीवर बसून, भिंतीकडं तोंड करून तो माझ्या नवऱ्याले सांगे आणि ऐकायचं मी. म्हणून आता नाव घेते. कडूबा. कडूबा. कडूबा. जीभ काही झडली नाही माझी.

वस्ती म्हणजे काय, तर धाड गावाच्या खालच्या अंगाले, नाल्याच्या काठी दोन भावांचं एक घर, एक गोठा आणि एक मोटेची विहीर. वावर सगळं पावसावरचं, विहिरीखाली तेवढा एक हिरवा तुकडा. घरात कडूबा, त्याची बायको तानाबाई, माझा नवरा हिंमतराव, मी गोजर आणि माझी दोन लेकरं. तानाबाईले मूलबाळ नव्हतं. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेले, आणि कडूबा म्हणे, मरताना घरची सगळी रीतभात ते माझ्या हाती देऊन गेले. वखर, तिफन आणि मोट धाकट्याच्या हाती देऊन गेले असतील, कारण त्यायले कडूबाचा हात लागलेला मी तरी पाह्यला नाही. एकदा म्हणे त्यानं हौसेनं तिफन धरली होती. पेर उगवली तवा तास असे नागमोडी निघाले, की रस्त्यानं जाणारे थांबून विचारत, काहो, बैलायले पाजली होती काय?

पण ऐट काय विचारता! सकाळी उठला की बाजेवर बसे, तंबाखू मळे, आणि हुकूम सुटत. औत आज जुंपायचं का उद्या, पहिलं पाऊल कोणत्या बैलानं टाकायचं, नव्या गाडग्यातलं दही आधी कोणाच्या ताटात पडलं पाहिजे. गावात लग्न असलं की पंगतीत कोण कोणाच्या वर बसते हे ठरवायले कडूबा पाहिजे. रुसलेला व्याही समजवायले कडूबा पाहिजे. लोक म्हणत, ‘रीतीचा पक्का माणूस.’ मी मनात म्हणो, पक्का काय, बसून बसून निबर झाला आहे. गावालेबी काय, फुकट बोलणारा माणूस मिळाला होता. घरी त्याचं उष्टं ताट कोण उचलते हे कोणी पाहायले येत नव्हतं.

तानाबाई घाटाखालची, थेट सोनाळ्याची. आमच्या सासूची बहीण तिकडं दिलेली, तिनं हे जमवलं. धाडहून सोनाळा म्हणजे बुलडाण्याले मोटर बदला, घाट उतरा, नांदुऱ्याले बदला, आमच्याच जिल्ह्यातल्या जळगावले बदला, तवा कुठी सातपुडा दिसते. ‘घाटाखालचे लोक,’ कडूबा नाक मुरडून म्हणे, ‘त्यायले काय रीत माहीत!’ आणि हे म्हणताना तोंडात घास कोणाच्या हातचा? त्या घाटाखालच्याच बाईच्या हातचा. तानाबाईची भाकर म्हणजे अशी पातळ, अशी गोल, की तव्यावर टाकली की टम्म फुगे आणि पदर सुटून वर येये. तशी भाकर मले आजपर्यंत जमली नाही. तिले तिच्या मायनं शिकवली होती. माय म्हणजे मनकर्णाबाई. ती विधवा, तिले ही एकच लेक.

नवं राज्य झालं त्या सालची गोष्ट. गावात झेंडा लागला, पोरायले गूळ-फुटाणे वाटले. कडूबा फेटा बांधून सगळ्यात पुढं जाऊन बसला, जसा काही महाराष्ट्र यानंच आणला. त्याच सुमारास धाडच्या बाजारात सोनाळ्याकडचा एक माणूस बैल पाहायले आला होता. त्यानं तानाबाईले गाठून मायचा निरोप सांगतला. ‘तुह्या मायचे हात कापाले लागले. भाकर थापते तर तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे. बुढी पीठ कालवून पिऊन राह्यली. म्हणते, चार रोज येऊन जा. पोरीच्या हातची भाकर खाऊ दे.’

तुम्ही म्हणसाल, मंग बुढीनंच लेकीकडं येऊन ऱ्हावं. कसं ऱ्हावं? लेकीले मूल होईपर्यंत मायबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, ही आमच्यात रीत. आणि तानाबाईले मूल नव्हतं. म्हणजे लेकीच्या हातची भाकर खायची, तर लेकीनंच माहेरी जाऊन, मायच्या पिठाची, मायच्या चुलीवर करायची. दुसरी वाट नव्हती.

तानाबाईनं त्याच दिवशी विचारलं. मी चुलीपाशी होती, मले सगळं ऐकू येत होतं.

‘मुऱ्हाळी कुठी हाय?’ कडूबा म्हणाला.

मुऱ्हाळी म्हणजे माहेरचं माणूस, लेकीले न्यायले येते ते. भाऊ येते, बाप येते, नसला तर चुलता येते. कडूबा म्हणे, बाई अशी आपल्या पायानं माहेरी निघाली तर लोक काय समजतील? नवऱ्यानं हाकलली समजतील.

‘भाऊ ना बाप,’ तानाबाई म्हणाली. ‘कोण येईन मले न्यायले?’

‘चुलतभाऊ हाय ना तुहा, पुंजाजी. त्यानं यावं.’

पुंजाजीचं आणि बुढीचं बांधावरून वाकडं होतं, तो तिच्या दारापुढून जातानाबी मान वळवून जाये. हे कडूबाले चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर त्याचं नाव घेतलं. तसा तो वंगाळ नव्हता असं लोक आजबी मले सांगतात. वंगाळ नव्हता, कारण वंगाळ व्हायलेबी उठून उभं ऱ्हावं लागते. त्याले बायको हाताखाली पाहिजे होती, दोन वेळची तशी भाकर पाहिजे होती, आणि त्या आळसाले त्यानं रीतीचा फेटा बांधून ठेवला होता.

पाऊस पडला, पेरणी आली. माझा नवरा तिफन हाकलत होता, मागून आम्ही दोघी सरत्यातून, म्हणजे तिफनीमागच्या नळीतून, तूर सोडत होतो. चिखलानं पाय भरलेले, पाठ धरलेली. कडूबा छत्री घेऊन बांधावर उभा. तिथं तानाबाईनं पुन्हा विषय काढला. तो म्हणाला, ‘पेरत्या घरातून बाई बाहेर गेली तर बरकत जाते.’ ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. अशा त्याच्यापाशी हंगामाले एक पुरून उरत.

पंचमी आली. निंदण चालू होतं. आमच्या वावराच्या कडेनं धाडचा रस्ता जाते, त्या रस्त्यानं मुऱ्हाळी जाताना दिसत. बगलेत छत्री, हातात पिशवी, मागं नवं लुगडं नेसलेली बहीण. तानाबाई खुरपं थांबवून पाहे. मंग खाली मान घालून पुन्हा गवत उपटाले लागे, आणि गवताबरोबर एखांदं जवारीचं रोपबी तिच्या हाती येये. पोळ्याले कडूबानं बैलायच्या शिंगायले रंग लावला. वर्षात तेवढा एक दिवस तो बैलायले शिवे. महालक्ष्म्या आल्या, त्यायचा सगळा सैपाक तिच्यावर. पित्तरपाट आला, त्यात कुठी जायचं नाही. दसरा झाला, जवारी सोंगणीले आली. खळं झालं, रास पडली, आम्ही उपणून उपणून भुरकट झालो. ‘घरात रास येत असताना लक्ष्मी बाहेर जाते काय?’ कडूबा म्हणाला. मंग कापूस. कापूस वेचाले बायाच लागतात, तिथं तर त्याले रीत काढायचीबी गरज पडली नाही. आणि मधून मधून बाजारात निरोप येतच होता. बुढी थकली. बुढी आता पाणी आणाले जात नाही, शेजारीण देते.

मी माझ्या नवऱ्याले म्हटलं, ‘तुम्ही बोला ना. भाऊ तुमचा हाय.’

‘दादाच्या पुढं मी काय बोलू?’ तो म्हणाला आणि बैलायले पाणी दाखवाले निघून गेला. नाव ठेवलं हिंमतराव! ज्यानं ठेवलं त्याच्या पाया पडाले पाहिजे.

तानाबाईलेबी मी सोडलं नाही. एक दिवस कापूस वेचता वेचता म्हटलं, ‘बाई, तू काऊन विचारत बसते त्याले? धाडले जाय, मोटरीत बस. कंडक्टर काय मुऱ्हाळी मागते काय?’

‘अन् वापस आल्यावर दार कोण उघडते?’ ती म्हणाली. ‘तुले दोन लेकरं हायत, गोजर. मले काय हाय? तो दुसरी आणाले टपलाच हाय. मी पाय बाहेर टाकाची खोटी.’

खरंच होतं. दुसरी आणीन, हे कडूबा वर्षातून दोन-तीनदा तरी, जेवण झाल्यावर, हात धुता धुता, सहज बोलून जाये. मले तवा त्याच्या हातावरचं पाणी त्याच्याच तोंडावर मारावं असं वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, भर दुपारी, अंगणात एक बुढी येऊन उभी राह्यली. हातात काठी, डोक्यावर गाठोडं, पाय धुळीनं पांढरे. मी तिले ओळखलं नाही. तानाबाई गोठ्यात शेण काढत होती, तिनं पाह्यलं आणि तसेच शेणाचे हात घेऊन धावली. ‘माय वं!’ एवढंच बोलली.

मनकर्णाबाई एकटी आली होती. आदल्या दिवशी निघालेली. मोटरीतल्या बायायले विचारत विचारत बुलडाण्यापर्यंत आली, रात्र स्टँडवर काढली, आणि धाडहून पायी. हात असे कापत होते की गाठोडं खाली ठेवताना ते दोनदा निसटलं. त्यात लेकीसाठी चोळीचा खण होता आणि जावयासाठी टॉवेल-टोपी. मुऱ्हाळ्यानं रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून.

कडूबानं काय थाट केला! घोंगडी अंथरली, पाय धुवाले पाणी द्याले लावलं, सोयऱ्या-धायऱ्यांची विचारपूस केली. पाणी प्या म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं, ती पिणारच नव्हती. पाय धुताना बुढीचे ओठ कोरडे पडून चिरलेले मले दिसत होते. तांब्या तिच्या हाती होता, आणि ती तो फक्त पायावर ओतत होती.

मंग ती म्हणाली, ‘जावईबापू, मी मुऱ्हाळी म्हणून आली. अखजीचं मूळ, बोलावणं घेऊन आली. चार रोज धाडा पोरीले.’

कडूबा हसला. मोठ्यानं नाही, नुसता मिशीत. ‘मामी, बाईमाणूस कधी मुऱ्हाळी राहते काय?’

‘माणूस कोठून आणू, बापू? देवानं एक ठेवला नाही.’

‘तसं म्हणू नका. पुंजाजी हाय ना. त्याले पाठवा, उद्या पाठवा, त्याच पावली मी इले लावून देतो. मले काय इले बांधून ठेवायची हौस हाय? पण बाईच्या मागं बाई निघाली, हे आमच्या घरात झालं नाही. उद्या गावातल्या दहा लोकायनं मलेच विचारावं, कडूबा, ही कोणती रीत? मंग मी काय सांगू?’

बुढीनं पदर पसरला. अहो, आपल्या जावयापुढं, जो तिच्या लेकरासारखा, त्याच्यापुढं तिनं पदर पसरला. ‘माह्या हातानं आता होत नाही. एक डाव पोरीच्या हातची खाते, मंग मले काही मागणं नाही.’

‘मामी, पदर काऊन पसरता? मी काय परका हाय?’ कडूबा म्हणाला. ‘पुंजाजीले पाठवा.’

मी दाराआड उभी होती. माझा नवरा ओसरीच्या खांबाले टेकून नखानं खांब कोरत होता. माझ्या तोंडात इतके शब्द आले होते की गिळता गिळता ठसका लागला. पण भासऱ्याशी बोलायचं नाही. मी मेली तिथं गप्प राह्यली, आणि त्याचा मले अजून संताप येते. माझा नाही, त्याचा. असं माणसाचं तोंड बांधून ठेवते आणि वरून म्हणते, बायायले अक्कल नसते.

मंग मले सुचलं. आमच्या बांधाच्या पलीकडं शेषरावाचं वावर, तिथंच त्यायचं घर. ते काही लेकीचं घर नव्हतं. तिथलं पाणी चाले. तिथलं पीठबी चाले. मी मागच्या दारानं पळत गेली आणि शेषरावाच्या बायकोले, झुंबरबाईले, सगळं सांगतलं. बाई मोठी मनाची. तिनं लगेच चूल पेटवली, टोपल्यात पीठ काढलं. म्हणाली, ‘घेऊन ये दोघीयले. पीठ माहं, चूल माही, हात तानाचे. कोणती रीत मोडते पाहू.’

बुढीले मी बांधापलीकडं नेलं. शेषरावाच्या विहिरीवर तिले पाणी काढून दिलं. तांब्या तिच्यानं धरवत नव्हता, मी ओंजळीत ओतलं, तिनं प्यालं, पुन्हा ओंजळ पुढं केली, पुन्हा प्याली. किती प्याली ती बाई! तोवर तानाबाई आत परातीत पीठ मळत होती. घाईनं नाही. सावकाश, रगडून, जसं सणाचं करावं तसं. बुढी उंबऱ्यात बसून तिच्या हाताकडं पाहत होती. ‘पाणी जरा कमी घे, हे पीठ जाडं हाय,’ असंबी म्हणाली. तानाबाई हसली. वर्षभरात ती हसलेली मी पाह्यली नव्हती.

पहिली भाकर थापून हातावर घेतली, आणि बांधावरून हाक आली. ‘ताने!’

कडूबा आपल्या बांधावर उभा होता. इतक्या उन्हात तो बाजेवरून उठून आला, यावरूनच समजा. ‘आमच्या घरची बाई परक्याच्या चुलीपाशी बसते काय? आम्ही मेलो काय? उद्या लोक म्हणतील, कडूबाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायको शेजारी भाकरी बडवते. ऊठ!’

झुंबरबाई बाहेर आली. तिले त्याच्याशी बोलाले मनाई नव्हती. ‘भाऊ, एक भाकर होऊ द्या. बुढी उपाशी हाय.’

‘मंग तुम्ही करा अन् तुम्ही वाढा. सोयरीण तुमच्या दारी जेवली तर मले आनंद हाय. आमची बाई उठवा.’ आणि मंग खालच्या आवाजात, पण सगळ्यायले ऐकू येईन असा, ‘ताने, आता उठली नाही तर त्याच वाटेनं मायसोबत जाय. मंग मले मुऱ्हाळी नको अन् तूबी नको.’

तानाबाईच्या हातावर कच्ची भाकर होती. तिनं मायकडं पाह्यलं. मायनंच मान हलवली. ‘ऊठ, बाई. संसार मोडू नको.’ तानाबाईनं ती भाकर परत परातीत टाकली, तिचा गोळा झाला, आणि ती उठली.

झुंबरबाईनं आपल्या हातची भाकर करून वाढली. बुढीनं मान ठेवाले चतकोर खाल्ली. मंग काठी उचलली. कडूबा तिले रस्त्यापर्यंत पोचवाले गेला, टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, तिनंच आणलेला. येताना गावातली दोन माणसं भेटली, त्यायले सांगत होता, सासूबाई आल्या होत्या, पण मी रीत सोडली नाही. आणि ती माणसं मान डोलवत होती. थू त्यायच्या डोलण्यावर.

त्या दिवसापासून तानाबाईनं विचारणं सोडलं. पेरणी झाली तरी नाही. कडूबाले वाटलं, बाई समजली. मले म्हणजे माझ्या नवऱ्याले म्हणाला, ‘पाहा, जरा कडक राह्यलं की घर वठणीवर येते.’

पावसाळ्याच्या ऐन मधात, निंदणाच्या दिवसात, वस्तीवर एक माणूस आला. छत्री बगलेत. तो पुंजाजी होता. ज्या माणसासाठी कडूबा वर्षभर हटून बसला, तो माणूस आला. आणि निरोप काय, तर काकू गेली. घरात पडून होती, शेजारणीले सकाळी समजलं. आपण अग्नी दिला म्हणाला. पुढं दहावं, तेरावं हाय, तुम्ही दोघं या. चहा घेतला, मेहकरकडं दिलेल्या भाऊकीतल्या एका पोरीले सांगायचं होतं म्हणून तसाच निघून गेला.

तानाबाई रडली नाही. ती दाव्याले धरून गोठ्यात उभी राह्यली. मी तिच्यापाशी जाऊन उभी राह्यली. ओसरीवर मात्र लगबग सुरू झाली. एकुलता एक जावई! तेराव्याले पहिल्या पंगतीत पाट, जावयाले नवा फेटा बांधणार, सगळं सोनाळा पाहणार. कडूबानं सोवळ्या-सुतकाचे सगळे नेम माझ्या नवऱ्याले पुन्हा एकदा सांगतले. धोतर नवं काढलं. फेटा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. बुढी गेल्याचं दुःख त्या माणसाच्या एका केसालेबी शिवलं नव्हतं. गाडी जुंपाले लावली आणि गाडीत जाऊन बसला. ‘तानेले म्हणा, आटप. मोटर चुकेल.’

तानाबाई गोठ्यातून बाहेर आली. कासोटा घातलेला, पदर खोचलेला, हातात खुरपं.

‘हे काय?’ कडूबा म्हणाला. ‘लुगडं बदल.’

‘मी येत नाही.’

‘येत नाही म्हणजे? तुही माय मेली!’

‘हाव. मेली.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘माय जिती होती तवा मले भाकर कराले जायचं होतं. आता तिथं माही भाकर कोण खाते? आता तिथं तुमचं काम हाय. तुमाले फेटा बांधून घ्यायचा हाय. तुम्ही जा.’

‘लेकीवाचून जावई एकटा दुखवट्याले गेला, असं कुठी झालं काय? लोक विचारतील, लेक कुठी हाय, मंग मी काय सांगू?’

‘खरं सांगा.’

‘ताने, मी दुसरी आणीन!’

‘आणा,’ ती म्हणाली. ‘तिची माय जिती असंल तर तिले जाऊ द्या मात्र.’ आणि बैलायच्या तोंडापुढून, नवऱ्याकडं न पाहता, ती वावरात निघून गेली. थोड्या वेळानं जवारीच्या तासातून तिच्या रडण्याचा आवाज आला. मोठ्यानं, माय वं माय वं करत, जशी बाई मायसाठी रडते तशी.

कडूबा गाडीतच बसला. एकट्यानं जावं तर रीत आडवी. न जावं तर रीत आडवी. खाली उतरावं तर सगळ्यायच्या समोर बायकोनं उतरवल्यासारखं. त्यानं भावाकडं पाह्यलं. ‘हिंमत, तू सांग तिले.’ भाऊ चाकाले टेकून खाली बसला. मोटरीची वेळ झाली, वेळ गेली. तिकडं रस्त्यानं मोटर बुलडाण्याकडं गेलेली आम्ही सगळ्यायनं ऐकली. ऊन चढलं. फेट्याखालून घाम त्याच्या कानावर उतरला.

मंग माझा नवरा उठला. पिकातली डवरणी, म्हणजे कोळपणी, पडून होती, बैल उगाच जुंपून उभे होते. दादाले न विचारता त्यानं जुवातल्या खुंट्या, शिवळा काढल्या, बैल सोडले आणि वावराकडं हाकलत नेले. गाडीचं जू भुईले टेकलं, गाडी पुढं कलली, आणि नवं धोतर, नवा फेटा घातलेला कडूबा हातानं काठ धरून तसाच तिरपा बसून राह्यला.